‘एवढंही माहीत नाही?’

जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी पुण्याबाहेर, पानशेतच्या बाजूला, आकाशदर्शनाला जमलेली मंडळी पाहावीत. जुना जाणकार पूर्वेकडे हात करून सांगत असतो, "मृग दिसला ना? आता मृगाच्या पोटातला बाण बघा, एका रेघेत तीन तारे. ती रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी." सांगणं अगदी अचूक असतं. पहिल्यांदाच आलेली एक मुलगी हळूच विचारते, "दादा, पण मृग कुठला?" थोड्या वेळाने दुर्बिणीपाशी तिचा दुसरा प्रश्न येतो, डोळा कुठे लावायचा? न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत नेत्रिका नळीच्या वरच्या टोकाशी, बाजूला असते. दुर्बीण फक्त चित्रात पाहिलेला माणूस साहजिकच खालच्या टोकाशी वाकतो, आणि तिथे असते आरशाची पाठ.

दोन्ही प्रश्न साधे आहेत. जाणकाराला ते साधे का वाटतात आणि त्याला त्यांचा कंटाळा किंवा राग का येतो, याचा शोध मानसशास्त्रज्ञ गेली काही दशकं घेत आहेत. या संशोधनातून जे हाती लागलंय ते आपण रोज वापरायला हवं असं मला मनापासून वाटतं. शाळा, दवाखाना, बँकेची खिडकी, कारखाना, सगळीकडे नव्या माणसाचा पहिला प्रश्न कसा झेलला जातो यावर पुढचं बरंच काही ठरतं.

सुरुवात बुद्धिबळापासून करू. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाठीमागे आद्रियान द ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाचं जुनं काम होतं. खऱ्या डावातली एक स्थिती पटावर मांडून ती पाच सेकंद दाखवायची, मग झाकायची आणि दुसऱ्या पटावर आठवून मांडायला सांगायचं. निष्णात खेळाडूने पहिल्या झटक्यात सोळाच्या आसपास सोंगट्या बरोबर मांडल्या, नवशिक्याने चारेक. एवढ्यावर कुणीही म्हणेल, त्याची स्मरणशक्तीच दांडगी. पण सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या तेव्हा निष्णाताची ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. त्याची स्मरणशक्ती इतरांसारखीच होती. फरक इतकाच की त्याला सुट्या सोंगट्या दिसतच नव्हत्या, दिसत होती ती ओळखीची गाठोडी: कॅसलिंग करून, म्हणजे हत्तीच्या आडोशाला, कोपऱ्याकडे नेलेला राजा आणि पुढची तीन प्यादी, हे त्याच्यासाठी एकच.

हे महत्त्वाचं आहे, कारण आपण एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतो. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी सगळे पुरावे पुन्हा तपासून तो चारच्या आसपास आणला. जाणकाराच्या चार जागांत चार गाठोडी मावतात, नव्या माणसाच्या चार जागांत चार सुटे ठिपके. मृग, बाण, रेघ, व्याध या चारच गोष्टी आहेत असं जाणकाराला वाटतं. त्या मुलीसमोर मात्र शेकडो ठिपके असतात आणि त्यातला कुठला कशाचा, हे सांगणारं काहीच तिच्याकडे नसतं. तिची बुद्धी कमी पडलेली नाही. तिच्या मनातली जागा भरली आहे.

आता यातला खरा अवघड भाग. गाठोडं एकदा बांधलं गेलं की आत काय काय होतं ते बांधणाऱ्यालाच दिसेनासं होतं. १९८९ मध्ये कॅमरर, लोवेनस्टाईन आणि वेबर या अर्थशास्त्रज्ञांनी याला ‘ज्ञानाचा शाप’ म्हटलं. दुसऱ्या वर्षी स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी केलेला प्रयोग तर घरी करून पाहता येतो. काहींनी सर्वांना माहीत असलेल्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या वेळा तरी समोरचा ओळखेल. १२० पैकी प्रत्यक्षात ओळखली गेली ती फक्त ३ गाणी. आज रात्री जेवणाच्या टेबलावर गणपतीच्या आरतीचा ठेका वाजवून बघा. वाजवताना शब्द, चाल, झांजा सगळं तुमच्या कानात घुमत असतं. समोरच्याला ऐकू येते ती नुसती टकटक. ‘इतकं सोपं कसं ओळखत नाही?’ ही चिडचिड तुम्हाला त्याच क्षणी जाणवेल. नव्या माणसावर आपण चिडतो ती हीच चिडचिड.

यातून सुटायचं कसं? ‘स्वतःचे सुरुवातीचे दिवस आठवा’ असं आपण सहज सांगतो. पण पॅमेला हाइंड्स यांनी १९९९ मध्ये, मोबाईल नवा होता तेव्हा, तपासलं की नवख्याला मोबाईलवरची कामं शिकायला किती वेळ लागेल हे कोण बरोबर ओळखतं. निष्णात मंडळींनी तो वेळ फारच कमी धरला. सुरुवातीच्या अडचणी आठवायला लावूनही त्यांचा अंदाज फारसा सुधारला नाही. थोडंफार शिकलेल्यांचा अंदाज त्यांच्यापेक्षा बराच बरा निघाला. मला हा निष्कर्ष फार उपयोगाचा वाटतो. नव्या माणसाला समजावण्यासाठी सगळ्यात मोठ्या तज्ज्ञाला उभं करण्याची गरज नाही. गेल्या वर्षी शिकलेला माणूस जवळ उभा असेल तर त्यालाच पुढे करावं, त्याला अडलेल्या जागा अजून आठवतात.

महाराष्ट्राने हा शाप एकदा सार्वजनिकरीत्या अनुभवला आहे. २०१९ मध्ये पुण्याच्या बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘चाळीस सात’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. राज्यभर थट्टा झाली, विधानसभेतही झाली. पण सात वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहा. सत्तेचाळीस ऐकताना आधी सात ऐकू येतात, लिहिताना आधी चार लिहायचे असतात. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथल्या मुलांच्या चुका तपासल्या तेव्हा अंकांची अशी उलटापालट मोठ्या प्रमाणात आढळली. बदल योग्य होता की नव्हता यावर मतभेद असू शकतात, जुन्या नावांची गोडी मलाही आहे. पण ‘आम्ही नाही का शिकलो?’ हा युक्तिवाद मुलाला येणाऱ्या अडचणीविषयी काहीच सांगत नाही. आपण शिकलो कसे, हेच आपण विसरलोय, एवढंच त्यातून कळतं.

आता प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूने पाहू. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना एक लेख वाचायला दिला. लेख मुद्दामच कुणाला कळणार नाही असा लिहिलेला होता. काही अडलं तर येऊन विचारा, असंही सांगितलं होतं. कुणीही विचारायला आलं नाही. आपण गप्प का बसलो, तर लाज वाटली म्हणून. आणि बाकीचे का गप्प आहेत, तर त्यांना कळलं असणार म्हणून. प्रत्येकाच्या मनात हेच! वर्गात "कळलं का सगळ्यांना?" असं विचारल्यावर पसरणारी शांतता याच जातीची असते. त्यात एखाद्या मुलाने हात वर केला, तर तो एकटा मागे पडलेला नसतो, बहुधा अर्ध्या वर्गाचा प्रश्न तो विचारत असतो. त्याला मिळालेलं उत्तरही सगळा वर्ग ऐकतो. ‘लक्ष कुठे होतं?’ असं त्याला ऐकवलं की बाकीचे वीसजण आपापला प्रश्न गिळतात. शिवाय रायन आणि पिंट्रिच यांच्या १९९७ च्या अभ्यासात दिसलं की स्वतःच्या कुवतीविषयी ज्या मुलांना शंका असते, तीच मदत मागायला जास्त कचरतात. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्याचाच हात आधी खाली जातो.

झिडकारलं की काय होतं, यावर २००३ मध्ये आयझेनबर्गर, लिबरमन आणि विल्यम्स यांचा एक प्रयोग गाजला. मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपलेल्या व्यक्तीला संगणकावरच्या चेंडूच्या खेळातून हळूहळू वगळलं गेलं, तेव्हा शारीरिक वेदनेच्या वेळी सक्रिय होणारे मेंदूचे काही भाग सक्रिय झाले. त्यावरून ‘अपमान आणि जखम मेंदूला सारखीच’ असं सरसकट लिहिलं गेलं. ते घाईचं आहे, कारण मेंदूचे तेच भाग इतर अनेक कामांतही भाग घेतात. मला जास्त भक्कम वाटतो तो अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांचा २००१ चा निष्कर्ष: गणिताची धास्ती घेतलेल्या माणसाच्या मनातली काम करण्याची जागाच ती धास्ती अडवते. आधीच चार जागा, त्यातली एखाद-दुसरी ‘मी मूर्ख दिसतोय का?’ या विचाराने व्यापली, तर उत्तर कळणार कशात? तुसडेपणाने दिलेलं बरोबर उत्तरही म्हणूनच अर्धंच पोचतं. मग तोच माणूस तोच प्रश्न पुन्हा घेऊन येतो, आणि ‘एकदा सांगितलेलं कळत नाही’ हा शिक्का त्याच्यावर बसतो.

भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये हे सगळं जिवावर बेतू शकतं. लेथवर आलेल्या नव्या अप्रेंटिसला जुना कारागीर सांगतो, "जॉब चकमध्ये बांध आणि मशीन चालू कर." जॉब म्हणजे घडवायचा तुकडा, चक म्हणजे तो घट्ट धरून फिरणारी लेथची पकड. या दोन क्रियांच्या मध्ये एक तिसरी क्रिया आहे: चक आवळायची चावी काढून बाजूला ठेवायची. ती चकमध्येच राहिली आणि मशीन सुरू झालं, तर गरगरत्या चकमधून ती गोळीसारखी सुटते. कारागिराने हे मुद्दाम लपवलेलं नसतं. त्याचा हात ती चावी इतक्या वर्षांपासून आपोआप काढतोय की ते ‘काम’ म्हणून त्याच्या तोंडी येतच नाही. तज्ज्ञ स्वतःचं काम समजावताना बरेच टप्पे असेच गाळतात, हे संशोधनात वारंवार दिसलंय. गाळलेला टप्पा सापडण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो: नव्या मुलाने विचारणं, "काका, ही चावी अशीच ठेवायची का?" त्या मुलाला हा प्रश्न विचारायची हिंमत व्हावी असं वातावरण शॉपफ्लोअरवर असलंच पाहिजे. सुरक्षेच्या पाटीइतकंच ते गरजेचं आहे.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन नव्वदच्या दशकात रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. ज्या विभागांत नेतृत्व चांगलं, कामातले संबंध चांगले, तिथे चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले, तिथेच चुकांची नोंद जास्त! उलगडा असा झाला की तिथली माणसं चुका बोलून दाखवत होती आणि बाकी ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी यावरून ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना गटांच्या संदर्भात मांडली: इथे विचारलं, चुकलं, तरी आपल्याला कुणी कमी लेखणार नाही, असा गटातला विश्वास.

आणखी एक गोष्ट. जाणकार नेहमी स्वतःच्या अंगणात उभा असतो. १९७७ मध्ये ली रॉस आणि सहकाऱ्यांनी दोन-दोन जणांत प्रश्नमंजुषा घेतली. कोण प्रश्न काढणार आणि कोण उत्तर देणार हे नशिबावर ठरवलं, आणि प्रश्न काढणाऱ्याला स्वतःच्या माहितीतले अवघड प्रश्न काढायची मुभा दिली. खेळानंतर उत्तरं देणाऱ्यांना वाटलं की समोरचा आपल्यापेक्षा बहुश्रुत आहे. पाहणाऱ्यांनाही तसंच वाटलं. वाटणी केवळ योगायोगाने झाली होती, हे माहीत असूनसुद्धा. मृग न ओळखणारी ती मुलगी उद्या एखाद्या रुग्णालयात सलाईन लावत असेल, आणि तिथे आकाशाच्या जाणकाराचे प्रश्न तितकेच साधे असतील.

पुण्यात याचं एक सुंदर उदाहरण होऊन गेलं. आयुका या खगोलविज्ञानाच्या संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे मुलं सही मागायला यायची. ते म्हणत, पोस्टकार्डावर तुझा एक विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून सही करून पाठवीन. विश्वाच्या उत्पत्तीवर काम करणारा माणूस शाळकरी मुलांचे प्रश्न स्वतः मागवून घेत होता.

आता आक्षेपाचा विचार करायला हवा, कारण तो खरा आहे. काहीजण काहीच न वाचता, न शोधता विचारतात, आणि उत्तर देणारा थकतो. शेरॉन नेल्सन-ल गॉल यांनी १९८१ मध्ये मदत मागण्याचे दोन प्रकार वेगळे केले: स्वतःचं काम दुसऱ्याकडून करून घेण्यासाठी मागितलेली मदत आणि पुढच्या वेळी स्वतःला जमावं म्हणून मागितलेली मदत. पहिल्या प्रकाराला आयतं उत्तर देण्याची सक्ती सौजन्य करत नाही. पण समोरचा यातला कुठला, हे पहिल्या प्रश्नावरून कळत नाही. दोघेही तोच प्रश्न तशाच शब्दांत विचारतात. ते कळायला उलटा एक प्रश्न विचारावा लागतो, "तुम्ही कुठपर्यंत आलात?" शिकायला आलेला माणूस तिथून भरभरून बोलू लागतो आणि नेमकं कुठे अडलंय ते दोन वाक्यांत दिसतं. आयतं हवं असलेला गडबडतो, मग त्याला पुस्तकाचं पान किंवा पहिली पायरी दाखवून पुढचं त्याच्यावर सोडता येतं. दोघांनाही कमी लेखावं लागत नाही.

उत्तर देताना थकवा येत असेल तर तोच प्रश्न पुन्हापुन्हा का येतोय ते एकदा बघावं. दहा माणसं दुर्बिणीच्या चुकीच्या टोकाशी वाकत असतील तर नेत्रिकेपाशी ‘इथून पाहा’ अशी चिठ्ठी चिकटवायला हवी.