पर्णरंध्रांचा 'मिटा' हुकूम खोडणारं एन्झाइम

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा रावेर-यावलच्या बागांत केळीची पानं मधल्या शिरेपासून दुमडून खाली लोंबतात. पाणी वाचवायची दुसरी तऱ्हा मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही: पानावरची पर्णरंध्रं मिटतात. तो निरोप अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक देतं. १९६३ साली ते कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून वेगळं काढलं गेलं, हे खानदेशात तरी माहीत असायलाच हवं.

निरोप पुढे नेणारं कायनेज हे प्रथिन अंगावर फॉस्फेट चढलं की जागं होतं. तेच फॉस्फेट उतरवून त्याला निजवतं पीपी२सी हे फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट काढणारं एन्झाइम. त्यासाठी त्याला मॅग्नेशियम किंवा मँगनीजचे आयन लागतात. रान ओलं असतं तेव्हा पीपी२सी सतत कामावर असतं, म्हणून रंध्रं उघडी राहतात.

खरी गंमत तहान लागल्यावरची. संप्रेरकाचं आम्ल त्याला ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनाच्या खोबणीत बसतं, वरचं झाकण मिटतं आणि मिटलेलं झाकण पीपी२सीच्या कामाच्या जागेतच अडकतं. म्हणजे बंद करणारंच बंद पडतं! कायनेज मग स्वतःवर फॉस्फेट चढवून घेतं आणि रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींची आयनद्वारं उघडतं. क्लोराइड बाहेर पडतं, मागोमाग पोटॅशियम आणि पाणी. पेशी सैल पडतात, रंध्र मिटतं. हे ग्राही २००९ साली सापडले.

अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगातल्या रोपाच्या एका वाणात पीपी२सीमधलं १८० क्रमांकाचं अमिनो आम्ल, ग्लायसिन, बदलून तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलेलं आहे. एवढ्यानेच ग्राहीची पकड सुटते, संप्रेरक असूनही रंध्रं मिटत नाहीत आणि रोप सुकतं. उलट अशी तीन फॉस्फटेज एकदम काढली तर पाणी असतानाही रोपाची वाढ खुंटते.

कायनेज जागं आहे का हे तपासताना पान तसंच खलात कुटू नये. पेशी फुटताच फॉस्फटेज मोकाट सुटतात आणि कायनेज निजलेलंच दिसतं. पान तोडताक्षणी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावं. इतर फॉस्फटेज रोखणारं ओकाडाइक आम्ल पीपी२सीवर चालत नाही. धातूचे आयन पकडणारं ईडीटीए चालतं. पण मॅग्नेशियम कायनेजलाही लागतं आणि ते परत घातलं की पीपी२सीही जागं होतं. म्हणून आधी कायनेजलाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने ते ओढून घ्यावं, नीट धुवावं आणि मगच मॅग्नेशियम घालून मोजणी करावी.