दाढेचा खळगा आणि फिरवलेलं रक्त

मिरजेच्या एका दवाखान्यात आत्याची खालची अक्कलदाढ काढायची होती. डॉक्टरांनी आधी दंडाला पट्टा बांधला तशी ती म्हणाली, "दाढ तोंडात आहे, रक्त हातातलं कशाला?" "मावशी, तुमचंच आहे, तुम्हालाच परत देणार," डॉक्टर म्हणाले. लाल टोपणाची नळी छोट्या यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरली. बाहेर आली तेव्हा तळाला लाल, वर पिवळसर पाणी आणि मधोमध जेलीसारखा पिवळा गोळा. चिमट्याने तो उचलून, त्याची लाल शेपटी कात्रीने छाटून डॉक्टरांनी तो खळग्यात बसवला आणि वरून टाके घातले. बिलावर लिहिलं होतं 'पीआरपी', म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. नळीतून निघालं ते खरं तर पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन. बोलताना सगळे सर्रास पीआरपीच म्हणतात, पण या दोन नावांमध्ये काही दशकांचं अंतर आहे.

आपल्याकडे प्लेटलेट हा शब्द डेंग्यूने घरोघरी नेला. रक्तातल्या त्या बारीक पेशी रक्त गोठवतात, हे इटलीच्या जुलिओ बिझोझेरोने 1882 मध्येच दाखवलं होतं. पण त्या जखम भरायलाही हातभार लावतात, हे कळायला 1974 उजाडलं. संशोधक रसेल रॉस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत प्लेटलेटमधून सुटणारा एक घटक पेशींची वाढ करताना दिसला. पुढे असे आणखी घटक सापडले, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. पीआरपी हे नाव तेव्हा रक्तपेढीतलं होतं: प्लेटलेट कमी पडलेल्या रुग्णाला चढवायचा, प्लेटलेटने दाट केलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव.

दातांच्या शल्यचिकित्सेत त्याचा गाजावाजा झाला तो 1998 मध्ये. अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांनी जबड्याचा तुकडाच गमावलेल्या 88 रुग्णांत हाडाचं कलम केलं आणि काहींच्या कलमात पीआरपी मिसळलं. त्यात प्लेटलेट नेहमीच्या तिपटीहून जास्त होत्या. पीआरपीवाल्यांचं हाड एक्स-रेत लवकर पक्व झालेलं दिसलं. अभ्यास मोठ्या कलमांचा होता, साध्या दाढेच्या खळग्याचा नव्हे. जाहिरातींत हा फरक कधीच सापडत नाही, आणि मला तोच सगळ्यात खटकतो. दाढ काढलेल्या खळग्यात असाच प्लाझ्मा घालून पाहणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत स्पेनचे एदुआर्दो अनितुआ होते. त्यांचं काम 1999 मध्ये प्रसिद्ध झालं.

त्या पीआरपीला खटाटोप फार. नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध घालायचं, बहुतेकदा दोनदा फिरवायचं आणि शेवटी गोठवण्यासाठी पुन्हा कॅल्शियम व थ्रॉम्बिन घालायचं. हे थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, बहुधा गाई-बैलांच्या रक्तातलं. शस्त्रक्रियेत असं थ्रॉम्बिन वापरलेल्या काही रुग्णांच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आणि क्वचित उलट रक्तस्रावाचाच त्रास झाला. 2001 मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी वेगळी वाट काढली. औषध नाही, थ्रॉम्बिन नाही. रक्त काढायचं आणि लगेच एकदाच फिरवायचं. रक्त गोठताना बनणाऱ्या फायब्रिन या धाग्यांच्या जाळ्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडकून आपोआप गोळा होतो, तेच पीआरएफ. अट एकच, घाई. नळी भरून गप्पा मारत बसलं तर रक्त नळीतच गोठतं.

खळग्यात निसर्गही गुठळीच बसवतो. ती निसटली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका मारतो. त्याला 'ड्राय सॉकेट' हे नाव 1896 पासून आहे. त्यावर डॉक्टर लवंगतेलातल्या युजेनॉलची पट्टी भरत आलेत. आजीच्या लवंगेचीच बहीण म्हणायची. खालच्या अक्कलदाढेत पीआरएफने वेदना आणि ड्राय सॉकेट कमी होतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. हाड लवकर भरतं का, यावर मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. सहज निघणाऱ्या हलत्या दातासाठी त्याचे वेगळे पैसे मोजायला मी तरी सांगणार नाही.

आत्याला निघताना ऐकवलेली यादी जुनीच होती: कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा, आज थुंकू नका, चूळ भरू नका, तंबाखू आणि मिश्री बंद. बाकी सगळं तिने पाळलं. मिश्रीची डबी मात्र चौथ्या दिवशी बाहेर आली.