‘घोटा हलवा, पण पाय टेकवू नका’: या सूचनेमागचा इतिहास

आईच्या घोट्यात प्लेट आणि स्क्रू बसवले, त्यानंतरच्या डिस्चार्ज कार्डावर दोन सूचना लागोपाठ होत्या. सहा आठवडे पाय जमिनीवर टेकवायचा नाही. टाके काढले की घोटा दिवसातून चार वेळा वर-खाली हलवायचा. भेटायला येणाऱ्यांना पहिली सूचना पटली, दुसरी एकालाही नाही. “हाड जुळायच्या आधी हलवलंस तर सरकेल गं,” मावशी रोज बजावायची. तिची भीती खुळी नव्हती. शेकडो वर्षं वैद्यकाचं म्हणणंही तेच होतं.

सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला आधार म्हणून बांधायला मोह, उंबर, पिंपळ, पळस अशा झाडांच्या साली सांगितल्या आहेत. आपल्याकडचे हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधत आले. 1851 मध्ये मॅथायसन या डच लष्करी डॉक्टरने कापडात कोरडं प्लास्टर चोळून, ते भिजवून गुंडाळायची पद्धत काढली आणि जगभर पाय प्लास्टरमध्ये गेले. सगळ्यांचा हेतू एकच होता: हाड जागचं हलू नये.

त्या काळी ऑपरेशनचा विचारही परवडणारा नव्हता, कारण हाड कातडी फाडून बाहेर आलं की जखम सडायची आणि जीव वाचवायला पाय कापावा लागायचा. 1756 मध्ये लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडले आणि त्यांच्या पायाचं हाड असंच बाहेर आलं. त्यांनी स्वतःला उचलू दिलं नाही. रस्त्यावरच एक दार विकत घेतलं, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावर आडवं होऊन घरी गेले. पाय कापायची तयारी झाली होती, पण त्यांचे गुरू वेळेवर पोहोचले आणि पाय वाचला. (घोट्याच्या एका फ्रॅक्चरला पॉट यांचं नाव आहे, पण ते त्यांनी पुढे ग्रंथात वर्णन केलेलं, स्वतःला झालेलं नव्हे.) ऑगस्ट 1865 मध्ये ग्लासगोत अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर जंतू मारणाऱ्या कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी ठेवली. जखम सडली नाही आणि हाड जुळलं. हाडापर्यंत सुरी नेणं त्यानंतरच हळूहळू सुरक्षित होत गेलं. ड्रेसिंग कोरडं ठेवा, घरचा लेप लावू नका, हे आजही बजावतात ते म्हणूनच.

पण जुळलेलं हाड म्हणजे बरा झालेला पाय नव्हे. महिनोन् महिने प्लास्टरमध्ये राहिलेला पाय बाहेर यायचा तो पोटरी वाळलेली, सांधा आखडलेला, पाऊल सुजलेलं असा. हाच खरा आजार आहे, असं ब्रुसेल्सच्या रॉबर्ट डॅनिस यांनी धरलं. हाड प्लेटने इतकं घट्ट बांधायचं की सांधा लगेच हलवता येईल, असं त्यांनी 1949 च्या ग्रंथात मांडलं. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडचे तरुण सर्जन मॉरिस म्युलर त्यांना भेटले, आणि 1958 मध्ये बील इथे म्युलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एओ’ हा मोडलेली हाडं जोडण्याचा अभ्यास करणाऱ्या सर्जनांचा गट स्थापला. हाड मूळ जागी आणणं, ते पक्कं धरणं, त्याचा रक्तपुरवठा जपणं आणि सांधा लवकर हलवणं, ही त्यांची चार तत्त्वं. माझ्या मते पेशंटला यातलं शेवटचं आधी समजावून सांगायला हवं, कारण पहिली तीन कामं सर्जन करतो आणि चौथं पेशंटलाच करायचं असतं.

घोट्याच्या बाबतीत नेमकेपणाला फार किंमत आहे. टॅलस हे घोट्यातलं हाड बाहेरच्या बाजूला फक्त 1 मिलिमीटर सरकलं तरी सांध्यातला स्पर्शाचा भाग 42 टक्क्यांनी घटतो, असं रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी 1976 मध्ये दाखवलं. सरकलेला घोटा ‘आपोआप बसेल’ म्हणून सोडत नाहीत, तो यासाठी.

मग पाय टेकवायचा का नाही? प्लेट हाडाला जागेवर धरते, हाडाची जागा घेत नाही. हाड जुळायच्या आत त्यावर रोज अंगाचं वजन पडलं तर धातू थकतो; स्क्रू सैल होतो, कधी तुटतो. नुसता घोटा हलवताना तेवढा भार येत नाही. हलवणं आणि भार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही फ्रॅक्चरमध्ये आता पाय लवकर टेकवायला सांगतात. मधुमेहात पायाची संवेदना गेली असेल तर उलट जास्त थांबवतात. म्हणून शेजारच्यांच्या पायाचा हिशेब आपल्या पायाला लावू नये. तंबाखू, मिसरी, सिगारेट मात्र सगळ्यांनीच बंद ठेवावी, हाड जुळायला त्यांनी उशीर होतो. आणि पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

आई पलंगावर पाय लांब करून बसायची, पावलाला पंचा अडकवायची आणि दोन्ही टोकं हळूहळू स्वतःकडे ओढायची. पहिल्या दिवशी पाऊल जेमतेम बोटभर हललं. पाय कोणत्या तारखेला टेकवायचा ते आम्ही डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घेतलं आणि मावशीलाही दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून पंचा तीच आणून द्यायला लागली.