जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवताना

मावशीचा लॅपटॉप सुरू करून चहा टाकला, तर चहा पिऊन झाला तरी पडद्यावरचं वर्तुळ फिरतच असायचं. प्रोसेसर बरा होता, रॅम ८ जीबी होती. सगळं अडत होतं हार्ड डिस्कपाशी. म्हणून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह, बसवली.

अशा हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, शिवाय हेड योग्य जागी सरकायला आणखी १०-१२ मिलिसेकंद. हिशेब केला तर सेकंदाला जेमतेम साठ वाचनं होतात. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र सुरू होताना डिस्कभर विखुरलेले हजारो बारीक तुकडे मागते. वाणसामानाच्या यादीतल्या प्रत्येक जिन्नसासाठी घरून नव्याने बाजारात जावं, तसं हे आहे. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, त्यामुळे तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरकतं.

खोक्यावर ठळक छापलेला वेग वेगळ्याच कामाचा असतो. साटा (ड्राइव्ह जोडण्याची जुनी पद्धत) एसएसडीवर सेकंदाला ५५० एमबी, एनव्हीएमईवर (नवी, वेगवान पद्धत) ३५०० किंवा त्याहून जास्त, हे आकडे मोठी फाइल सलग वाचतानाचे. हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर आलात की लॅपटॉप नवा वाटतो. तिथून एनव्हीएमईवर गेल्यावर रोजच्या वापरात फारसा फरक जाणवत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये साटाचीच सोय असेल, तर हळहळू नका. एम.२ खाच (पातळ पट्टीसारखी एसएसडी बसते ती) असेल तर मात्र ती साटा घेते की एनव्हीएमई, हे मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहूनच खरेदी करा.

एनव्हीएमई न घेता वाचलेले पैसे मी क्षमतेत घालेन. का, ते फ्लॅशच्या, म्हणजे एसएसडीतल्या माहिती साठवणाऱ्या चिपच्या, स्वभावात आहे. १९८७ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी मांडलेल्या नँड फ्लॅशमध्ये अडकवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात माहिती राहते. टीएलसी प्रकारात एका पेशीत (माहितीच्या सर्वांत छोट्या कप्प्यात) ३ बिट, म्हणजे विद्युतभाराच्या ८ पातळ्या ओळखायच्या. क्यूएलसीत ४ बिट, १६ पातळ्या. पातळ्या जितक्या दाट, तितकं लेखन सावकाश आणि झीज लवकर. म्हणून किंमत जवळपास सारखी असेल, तर टीएलसीच घ्यावी.

शिवाय फ्लॅशमध्ये जणू पाटीवरचं एकच अक्षर पुसता येत नाही, अख्खी पाटी पुसावी लागते. त्याआधी तिच्यावरचा कामाचा मजकूर दुसरीकडे उतरवायचा. ड्राइव्ह काठोकाठ भरली की या उतरवाउतरवीला मोकळी पाटी उरत नाही आणि ड्राइव्ह रखडते. पाचवा हिस्सा रिकामा ठेवा. जमलं तर २४० ऐवजी ४८० जीबीची घ्या.

झिजण्याची धास्ती बरेच जण घेतात. २४० जीबीच्या साध्या ड्राइव्हवर ८० टीबी (८०,००० जीबी) लेखनाची हमी आढळते. रोज २० जीबी लिहिलं तरी ४००० दिवस, म्हणजे जवळजवळ ११ वर्षं.

बसवताना आधी सगळ्या फाइलींची प्रत काढा. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय आहे ना, ते पाहा. जुनी डिस्क काढून ठेवूनच नवी सिस्टिम टाका. नाहीतर बूटचा, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा, भाग कधी कधी जुन्या डिस्कवर जातो आणि पुढे ती काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही. जुन्या सिस्टिमची नक्कल उतरवण्यापेक्षा कोरी टाकलेली बरी, वर्षांचा कचरा मागे राहतो. कोणत्या जागा आता रिकाम्या आहेत हे ड्राइव्हला कळवणारी ट्रिम ही सोय विंडोज ७ पासून आहे. उबुंटू, मिंटवर ती आठवड्यातून एकदा आपोआप चालते. डीफ्रॅगची, म्हणजे विखुरलेले तुकडे सलग रचून घेण्याची, जुनी सवय मात्र सोडा, त्याने फक्त झीज वाढते.

मावशीची जुनी डिस्क मी यूएसबी डबीत घातली. हार्ड डिस्क जाण्याआधी बरेचदा कुरकुरते, एसएसडी मात्र एखाद्या सकाळी काही न सांगता गप्प होऊ शकते. म्हणून दर रविवारी मावशी ती डबी जोडते आणि नातवंडांच्या फोटोंची प्रत काढून ठेवते.