२२५ घरांत देवनागरी

नाशिकमध्ये छपाईचा विषय निघाला की बोलणे आपसूक नाशिकरोडकडे वळते. १९२० च्या दशकात तिथे टपालाची तिकिटे छापली जाऊ लागली, १९२८ पासून नोटा निघू लागल्या, आणि त्या अभिमानापुढे बाकीची छपाई कुणाला फारशी आठवत नाही. पण नोट छापणे आणि पुस्तक छापणे ही दोन वेगळी कामे आहेत. नोटेचे चित्र एकदा कोरले की तेच लाखो वेळा उमटवायचे असते. पुस्तकाचे प्रत्येक पान नवे, ते अक्षर अक्षर जुळवून उभे करावे लागते. मला लिहायचे आहे ते या जुळणीबद्दल. निमित्त एका मजकुराचे, जो व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येतो: देवनागरी ही जगातली सर्वात शास्त्रशुद्ध लिपी आहे, म्हणून ती यंत्राला सर्वात सोपी जाते, आणि हे ‘नासा’नेही मान्य केले आहे.

आपली वर्णमाला शास्त्रशुद्ध आहे, यात वाद नाही. कंठापासून ओठांपर्यंत उच्चाराच्या स्थानांनुसार वर्ग लावणे ही मोठी बुद्धीची गोष्ट होती. पण कागदावरचे देवनागरी अक्षर यंत्राला सोपे गेले, हे साफ खोटे आहे. ‘नासा’चे म्हणाल तर रिक ब्रिग्ज या संशोधकाने १९८५ साली एक लेख लिहिला होता. त्याचा विषय संस्कृत व्याकरण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा होता. लिपीचा त्याच्याशी संबंध नाही, आणि एका संशोधकाचा लेख म्हणजे संस्थेचा निर्वाळा नव्हे. असले दाखले पुढे पाठवताना आपण स्वतःच्या लिपीचा खरा इतिहास मात्र हरवून बसतो.

मुंबईत जावजी दादाजींनी एकोणिसाव्या शतकात आपल्या निर्णयसागर छापखान्याचे सुबक खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) ओतले, तेव्हा जुळणी हाताने होत असे. कंपॉझिटर समोरच्या केसमधल्या खणांतून एकेक खिळा उचलून ओळ लावायचा. रोमन लिपीला शंभर-सव्वाशे प्रकारचे खिळे पुरत. देवनागरीला काही शे लागत, कारण काना-मात्रा, उकार, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे या सगळ्यांचे खिळे वेगळे. हात मात्र तक्रार करत नाही, तो लांबच्या खणापर्यंतही पोचतो.

यंत्राचे तसे नसते. १८८६ साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये ऑटमार मर्गेनथालरचे लायनोटाइप चालू झाले. त्यात पूर्ण ओळ एका अखंड पट्टीत ओतली जाई. वर्तमानपत्रांना ते मानवले, पण एक अक्षर चुकले तरी सगळी ओळ पुन्हा ओतावी लागे. पुस्तके छापणाऱ्यांना आवडले ते दुसरे यंत्र, वॉशिंग्टनच्या पेन्शन कचेरीत कारकून असलेल्या टॉल्बर्ट लॅन्स्टनचे मोनोटाइप. त्याची पहिली पेटंटे १८८७ ची. या यंत्राबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण इतकी सुंदर यांत्रिक कल्पना मला दुसरी माहीत नाही.

मोनोची यंत्रे दोन. एक कीबोर्ड, दुसरा कास्टर. कीबोर्डवर बसलेला माणूस कळ दाबतो तेव्हा कुठलेही अक्षर छापले जात नाही. दाबाखालच्या हवेने कागदाच्या पट्टीला भोके पडतात, बहुतेक वेळा दोन. ती पट्टी पुढे कास्टरवर चढवतात. कास्टरमध्ये तळहाताएवढी एक चौकट असते. तिच्यात १५ आडव्या आणि १५ उभ्या रांगा, म्हणजे २२५ घरे, आणि प्रत्येक घरात एका अक्षराचा साचा. एक भोक आडवी रांग सांगते, दुसरे उभी. भोकातून गेलेली हवा एक खिळी उचलते, चौकट सरकत येऊन त्या खिळीला अडते, हवे ते घर बरोबर ओतणीच्या तोंडावर येते, आणि शिसे, कथील व अँटिमनीचा वितळलेला रस आत जातो. अँटिमनीमुळे खिळा कठीण होतो आणि थिजताना आक्रसत नाही. ताजा खिळा बाहेर पडून ओळीत लागतो. मिनिटाला शंभराच्या वर खिळे.

आता खरी गंमत. छापील ओळीची उजवी कड सरळ यायची, तर शब्दांमधल्या मोकळ्या जागा ओळीगणिक कमी-जास्त कराव्या लागतात. त्या किती करायच्या हे ओळ संपल्याशिवाय कळत नाही. पण कास्टरला तर पहिली मोकळी जागा ओततानाच ते माहीत हवे. लॅन्स्टनच्या यंत्राने हा पेच असा सोडवला:

प्रत्येक अक्षराची रुंदी एककांत ठरलेली असते. सर्वात रुंद अक्षर १८ एकके, रोमनमधला बारीक ‘आय’ साधारण ५. कीबोर्ड ही एकके मोजत राहतो आणि ओळ भरत आली की घंटा वाजवतो. माणूस शब्द पुरा करतो आणि समोरच्या दंडगोलाकडे बघतो. हा दंडगोल उरलेल्या एककांप्रमाणे फिरलेला असतो आणि काटा ओळीतल्या मोकळ्या जागांच्या संख्येप्रमाणे वर चढलेला असतो. काट्याखाली दोन आकडे दिसतात. भागाकार यंत्राने आधीच करून ठेवलेला असतो, माणसाने ते दोन आकडे फक्त दाबायचे.

उदाहरण घेऊ. १२ पॉइंटात (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप) एक एकक म्हणजे ०.००९२ इंच. ओळीत २४ एकके उरली आहेत आणि मोकळ्या जागा ८ आहेत, तर प्रत्येक जागेला ३ एकके, म्हणजे ०.०२७७ इंच भर घालायची. कास्टरमध्ये मोकळ्या जागेची रुंदी ठरवणाऱ्या दोन पाचरी असतात. एक ०.००७५ इंचाच्या टप्प्याने सरकते, दुसरी ०.०००५ इंचाच्या. पहिलीचे ३ टप्पे ०.०२२५, दुसरीचे १० टप्पे ०.००५०, बेरीज ०.०२७५. पूर्ण ओळीत मिळून चूक दीड हजारांश इंचाच्या आत.

पण हे आकडे तर ओळीच्या शेवटी टोचले गेले. मग कास्टरला ते आधी कसे कळणार? पट्टी त्याला उलटी भरवतात. शेवटचे टोक पहिले आत जाते, त्यामुळे प्रत्येक ओळीचे आकडे आधी वाचले जातात, पाचरी जागेवर बसतात आणि मग ओळ शेवटच्या अक्षरापासून पहिल्या अक्षराकडे ओतली जाते. एकोणिसाव्या शतकात, विजेच्या एकाही परिपथाशिवाय, हवा आणि कागद यांच्या जोरावर!

या चौकटीला एक जाचक नियम होता. एका आडव्या रांगेतली सगळी अक्षरे सारख्याच रुंदीची असावी लागत, कारण खिळ्याची रुंदी रांगेवरून ठरे. अक्षराचे चित्र काढणाऱ्याला त्या मापात ते बसवावेच लागे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवनागरी या यंत्रांवर आली ती या २२५ घरांत आणि १८ एककांत कोंबून. खिळा ही चौकोनी वीट असते. तिच्या डोक्यावर दुसऱ्या खिळ्याची मात्रा चढवायची तर मात्रेचा भाग अंगाबाहेर लोंबता ठेवावा लागतो, आणि तो मोडतो. वेलांटीची कमान ‘कि’वर लांब लागते, ‘रि’वर आखूड, पण घर एकच मिळायचे.

म्हणून कात्री लागली ती जोडाक्षरांना. एकाखाली एक लिहिलेली ‘क्क’, ‘ल्ल’ आडवी झाली. ज्या अक्षरांना शेवटी दंड आहे (त, प, म, न) त्यांचा दंड काढला की अर्धे अक्षर तयार, एका घरात काम भागले. दंड नसलेल्या द, ट, ड, ह यांना सरळ पायमोडके करायची पद्धत बळावली. नाशिककरांनी हे स्वतः पडताळून पाहावे. १८४० पासूनच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात निर्णयसागरी वळणाचे (म्हणजे त्या अक्षरशैलीचे) एखादे जुने पुस्तक आणि १९६० नंतरचे एखादे, अशी दोन मागून घ्या आणि फक्त द्ध, क्त, ल्ल शोधा. फरक डोळ्यांना लगेच दिसेल.

लिपिसुधारणेच्या चळवळीचे एक मोठे कारण हेच होते. टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या १९० पर्यंत आणण्याचा खटाटोप केला. आपल्या भगूरच्या सावरकरांनी रत्नागिरीत असताना ‘अ’ची बाराखडी मांडली: अि, अी, अु, अू, अे, अै. ओ आणि औ आपण तसेच लिहितो, मग बाकीच्या स्वरांनी काय घोडे मारले? सहा खिळे वाचतात. तर्क बिनतोड होता, तरी वाचकांच्या डोळ्यांनी तो स्वीकारला नाही. १९५३ च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणायचे ठरले, तेही टिकले नाही. मला यात लोकांचा हट्ट दिसत नाही. यंत्र बदलेल, अक्षर कशाला बदलायचे, ही त्यांची समज पुढे खरी ठरली.

धंद्याची बाजू थोडक्यात. पूर्वी फाउंड्री खिळे वजनावर विकायची, खिळे झिजले की गिऱ्हाईक परत यायचे. मोनो-लायनोमुळे छापखाना स्वतःच खिळे ओतू लागला आणि छपाई झाली की वितळवू लागला. अमेरिकेत १८९२ मध्ये २३ फाउंड्र्या एकत्र येऊन एक कंपनी झाली, ती याच धास्तीने. नफा आता साच्यांत होता: प्रत्येक वळणाचे, प्रत्येक आकाराचे साचे वेगळे, आणि एका कंपनीचे दुसऱ्या यंत्रावर चालत नसत. इंग्रजीला हजारो छापखान्यांचा बाजार असल्यामुळे १९३२ साली लंडनच्या ‘टाइम्स’साठी खास नवे वळण घडवणे परवडले. मराठीचा बाजार लहान, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण मोजक्या वळणांत वाचत राहिलो.

मग संगणक आला आणि तीच गोष्ट पुन्हा घडली. जुन्या फॉन्टांत घरे होती २५६, त्यातली पहिली ३२ संगणकाने स्वतःसाठी राखलेली. प्रत्येक कंपनीने उरलेल्या घरांत काना, मात्रा, अर्धा क, रफार आपापल्या क्रमाने भरले. मोनोच्या पट्टीवरच्या भोकांसारखाच हा संकेतही अक्षराचा नव्हता, घराचा पत्ता होता. म्हणून फॉन्ट बदलला की मराठी मजकुराची अगम्य रोमन चिन्हे व्हायची. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतात, १९९१ पासून देवनागरी आहे आणि तिथे संकेत खुद्द वर्णाला दिलेला आहे. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त, ष असे तीन संकेत. त्यांचे कुठले चित्र दाखवायचे हे फॉन्ट ठरवतो. ‘कि’मध्ये वेलांटी साठवली जाते ‘क’नंतर आणि दिसते ‘क’च्या आधी. लखनौला जे अक्षर बदलून साधायचे होते, ते अक्षराला हात न लावता साधले. विंडोज २००० सोबत आलेला र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ फॉन्ट याच पद्धतीचा.

मेन रोडच्या आसपासच्या डीटीपीच्या (संगणकावर जुळणी करणाऱ्या) दुकानांत, शाळांच्या आणि संस्थांच्या कपाटांत १९९० च्या दशकातल्या स्मरणिका, अहवाल, दिवाळी अंक अजूनही जुन्या फॉन्टांतच साठवलेले असतील. ते युनिकोडमध्ये उतरवता येतात, त्यासाठी परिवर्तक (कन्व्हर्टर) आहेत. अट एकच: कुठल्या फॉन्टात जुळणी झाली ते ठाऊक हवे, कारण घरांचा तक्ता त्याच्याकडेच आहे. फॉन्टचे नाव फायलीसोबत लिहून ठेवा आणि फॉन्टची फाइलही त्याच फोल्डरमध्ये जपा.