भीती कमी झाली, हे ठरवायचं कोणी?

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून जिल्ह्याच्या रुग्णालयात येणाऱ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या फायलीत एक आकडा हमखास सापडतो. तो आयएसएए या स्वमग्नता मोजणाऱ्या भारतीय मोजपट्टीचा असतो. सिकंदराबादच्या बौद्धिक अपंगत्वविषयक राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली आणि २००९ साली ती वापरात आली. प्रश्न ४०. ७० च्या आत गुण आले तर स्वमग्नता नाही, १५३ च्या वर गेले तर तीव्र. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं, २०१६ च्या कायद्यात ते आलं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी हा आकडा कामाचाच आहे. पण उपचारानंतर मुलाची भीती किती उतरली, हे तो सांगत नाही. त्याचं ते कामही नव्हे.

भीती तर पहिल्यापासून डोळ्यांसमोर होती. बालमनोचिकित्सक लिओ कॅनरने १९४३ साली ११ स्वमग्न मुलांची वर्णनं लिहिली, त्यांत मोठ्या आवाजाने, झोक्याने, नळाच्या पाण्याने, अगदी वाऱ्यानेही बिथरणारी मुलं आहेत. पुढे कित्येक वर्षं हे सगळं 'स्वमग्नतेतच आलं' म्हणून सोडून दिलं गेलं. मग वेगळा उपचार कशाला आणि मोजमाप तरी कशाला?

मुलांची चिंता मोजायच्या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्या १९९० च्या दशकाच्या अखेरीस आल्या, त्याही स्वमग्न नसलेल्या मुलांसाठी. 'लोक मला हसतील असं वाटतं' यासारखे प्रश्न त्यांत असतात. जे मूल असं बोलून दाखवत नाही, त्याची भीती इथे कोऱ्या रकान्यात जाते. २००२ च्या पार्स या मुलांची चिंता मोजणाऱ्या मोजपट्टीत डॉक्टर स्वतः मुलाशी आणि पालकांशी बोलून गेल्या आठवड्याचे गुण देतात, म्हणून ती जरा बरी.

खरी गोची २००९ मध्ये दिसली. अमेरिकेत ७ ते ११ वयाच्या ४० स्वमग्न मुलांवर कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीची (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराची) चाचणी झाली. पालकांच्या आणि तपासनिसांच्या मते फरक पडला होता, मुलांच्या स्वतःच्या उत्तरांत मात्र थेरपी मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फरक दिसला नाही. मग खरं कोणाचं धरायचं? मुलाला आतलं सांगता येत नसेल, हे शक्य आहे. आणि थेरपीसाठी खेटे घालणाऱ्या आईला गुण आल्यासारखं वाटावं, हेही तितकंच शक्य आहे. २०१४ साली तज्ज्ञांनी अशा मोजपट्ट्या तपासल्या, तेव्हा एकही बिनशर्त पास झाली नाही. २०१६ मध्ये खास स्वमग्न मुलांसाठी २४ प्रश्नांची प्रश्नावली आली. आवाज-स्पर्शाचा त्रास आणि 'पुढे काय होणार' याची धास्ती यांना तीत जागा मिळाली. २०२० च्या १६७ मुलांच्या चाचणीत तर कोणत्या मुलाला कोणता उपचार मिळाला हे माहीत नसलेल्या तपासनिसांनी पार्सचे गुण दिले. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

आपल्याकडे अडचण प्रश्न विचारण्यापासूनच सुरू होते. "मुलगा घाबरतो का?" असं विचारलं की आई सांगते, "नाही जी, भेव नाही त्याले. डीजे वाजला का कान दाबून कोठीत जाऊन बसते, बस." फॉर्मवर खूण होते 'नाही'ची. त्यापेक्षा घरच्यांना सर्वांत जड जाणाऱ्या दोन-तीन गोष्टी ठरवून त्याच दर आठवड्याला मोजणं परवडतं: शाळेची घंटा झाल्यावर मूल किती वेळ वर्गाबाहेर राहतं, एसटीत बसवताना किती वेळ रडतं. यासाठी पाटी-पेन्सिल पुरते.

मात्र तारखा बघाव्या लागतात. पहिली नोंद पोळा ते नवरात्र या दणदणाटाच्या दिवसांत केली आणि दुसरी जानेवारीत, तर काहीच उपचार न करताही आकडा खाली येईल. शिवाय कापसाच्या वेचणीत आई शेतात असते, तेव्हा मुलाला घेऊन आजी येते. पहिला फॉर्म आईचा, दुसरा आजीचा. त्यांची वजाबाकी करून उपचाराचा गुण काढता येत नाही.