कंटिन्युअस फ्लॅश सप्रेशन

एका डोळ्यासमोर भराभर बदलणारी भडक नक्षी आणि दुसऱ्यासमोर स्थिर, फिकट चित्र ठेवले, तर ते चित्र कित्येक सेकंद दिसतच नाही. डोळा उघडा असतो, चित्राचा प्रकाश दृष्टिपटलावर पडत असतो, तरी जाणवते ती फक्त नक्षी. नाओत्सुगु त्सुचिया आणि क्रिस्टोफ कॉख यांनी २००५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीला थोडक्यात सीएफएस म्हणतात.

मुळाशी आहे द्विनेत्री स्पर्धा. दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रे दाखवली की ती आलटून पालटून दिसतात, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच नोंदवले होते. पण तिथे पारडे केव्हा फिरेल याचा नेम नसतो. सीएफएसमध्ये नक्षी सारखी नवी होत राहते, म्हणून ती लवकर मागे हटत नाही. चित्र साध्या स्पर्धेच्या दहापटीहून अधिक काळ दडून राहू शकते. न दिसलेल्या चित्राची उत्तरप्रतिमाही (चित्र हटल्यावर डोळ्यांपुढे रेंगाळणारी छटा) निम्म्याने फिकी पडते, असे त्सुचिया आणि कॉख यांच्या २००५ च्या प्रयोगात आढळले.

नक्षी म्हणजे एकमेकांवर चढलेले रंगीत आयत. चित्रकार मोंद्रियान यांच्या नावाने ती ओळखली जाते. रूढ वेग १० हर्ट्झ, म्हणजे ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर सहा फ्रेमनंतर नवी नक्षी. याहून कमी वेगानेही चित्र चांगले दडते, असे पुढच्या प्रयोगांत दिसले; तेव्हा १० हा आकडा सवयीचा आहे, नियम नव्हे. प्रत्येक डोळ्याला वेगळे दृश्य देण्यासाठी आरशांचा स्टिरिओस्कोप वापरतात, हनुवटी टेकणीवर स्थिर ठेवतात. स्वस्तात लाल-हिरवा चष्माही चालतो, मात्र त्यातून एका डोळ्याचे चित्र दुसऱ्यात थोडे झिरपते.

दोन्ही दृश्यांभोवती सारखीच काळी-पांढरी चौकट आणि मध्ये फुली हवी. सुरुवातीला दोन चौकटी दिसतात. आरसे हळूहळू वळवून त्यांची एकच चौकट होईपर्यंत पुढे जाऊ नये. नक्षी सहसा प्रबळ डोळ्याला, म्हणजे मेंदू ज्याला अधिक झुकते माप देतो त्या डोळ्याला, देतात. चित्राचा कॉन्ट्रास्ट शून्यापासून साधारण सेकंदभरात चढवावा, कारण ते एकदम उमटले तर तेच नक्षीला मागे सारते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो चित्र अर्धवट फुटण्याने, म्हणजे नक्षीतून तुकड्यातुकड्याने बाहेर येण्याने. चेहरा अख्खा दिसण्याआधी नक्षीच्या एका कोपऱ्यातून करड्या गालाचा तुकडा डोकावतो आणि विरतो. हे ‘दिसले’ धरायचे की नाही, हे आधी स्पष्ट सांगितले नसेल तर प्रत्येक जण आपापल्या निकषाने बटण दाबतो. म्हणून ‘दिसले का?’ऐवजी ‘चित्र डावीकडे की उजवीकडे?’ असे विचारणे चांगले. ‘काहीच दिसले नाही’ म्हणणाऱ्याची बरोबर उत्तरे पन्नास टक्क्यांच्या, म्हणजे निव्वळ अंदाजाच्या, स्पष्ट वर गेली, तर जाणीव पुरती दडली होती असे मानता येत नाही.

चित्र फुटून बाहेर यायला किती वेळ लागतो, हेही मोजतात. सरळ चेहरे उलट्या चेहऱ्यांहून लवकर फुटतात, असे २००७ मध्ये दाखवले गेले. पण फरक आधीच्या नकळत प्रक्रियेचा की दिसू लागल्यावर ओळख पटण्याचा, हे नुसत्या वेळेवरून ठरत नाही. २०१२ मध्ये तर दडलेली वजाबाकीही मेंदू सोडवतो, असा दावा झाला. नंतरच्या फेरतपासणीत तो बराच डळमळीत ठरला.

झगमगणाऱ्या प्रकाशाने अपस्माराचा झटका येणाऱ्यांना या प्रयोगात बसवू नये.